नावं ठेवायची मुभा राहू द्या

मराठी चित्रपटांच्या निर्मात्यांना आणि वितरकांना,



चित्रपट लागल्यावर पहिले काही दिवस त्याच्याविषयी कोणी जाहीर मत देऊ नये, अशी मागणी दक्षिणेतल्या काही चित्रपटकर्त्यांनी अलीकडे थेट न्यायालयात नेली आहे. २०२३ साली 'अरोमलिंटे आद्यत्ते प्रणयम' या मल्याळम चित्रपटाच्या दिग्दर्शकाने केरळ उच्च न्यायालयात याचिका केली. प्रदर्शनानंतर किमान सात दिवस व्लॉगर मंडळींना परीक्षणापासून रोखावं, असं त्यांचं मागणं होतं. न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने पुढच्या वर्षीच्या अहवालात सात दिवसांऐवजी ४८ तास थांबावं असं सुचवलं. २०२४ च्या नोव्हेंबरात तामिळ निर्मात्यांच्या एका संघटनेने 'इंडियन २', 'वेट्टैयन' आणि 'कंगुवा' यांची उदाहरणं देत थिएटरमालकांना कळवलं, की यूट्यूबवाल्यांना आवारात प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घेऊ देऊ नका. पाठोपाठ, पहिले तीन दिवस परीक्षणंच नकोत म्हणून निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालय गाठलं. न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याकडे बोट दाखवून अशी सरसकट बंदी घालायला नकार दिला. मागणी मात्र मेलेली नाही. एखादा महागडा चित्रपट आपटला, की ती पुन्हा डोकं वर काढते.

आपल्याकडे या मागणीची सौम्य आवृत्ती बरीच जुनी आहे. 'मराठी माणसानेच मराठी चित्रपटाला नावं ठेवली तर तो बघणार कोण?' हा प्रश्न प्रत्येक हंगामात कोणी ना कोणी विचारतो. 'आवडलं तर इतरांना सांगा, नाही आवडलं तर आम्हाला सांगा' ही हॉटेलातली पाटी जणू थिएटरच्या दारावर लावलेली असते. त्यात बंदी नाही, विनंती आहे, आणि विनंतीमागे भाषेचं प्रेमही आहे. तरीही कोर्टातली मागणी आणि ही विनंती यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: प्रेक्षकाचं मोकळं बोलणं चित्रपटाच्या धंद्याला मारक असतं. ही समजूत चुकीची आहे आणि मराठी चित्रपटाच्या बाबतीत तर ती उलटी आहे, एवढंच या पत्रात सांगायचं आहे. प्रेक्षकाचं उडतं, बेफिकीर, कधी उद्धट मत ही तुम्हाला फुकट मिळणारी एकमेव जाहिरात आहे. आणि नावं ठेवायची मुभा असते तोवरच त्या जाहिरातीवर कोणी विश्वास ठेवतं.

आधी धंद्याचंच गणित मांडू. मल्टिप्लेक्समध्ये शुक्रवारी चित्रपट लागतो आणि पुढे त्याला किती खेळ, कोणत्या वेळेला मिळणार हे बहुतेक करून पहिल्या शनिवार-रविवारच्या गल्ल्यावर ठरतं. गल्ला बेताचा असेल तर सोमवारीच खेळ कमी होतात, पुढच्या शुक्रवारी चित्रपट उतरतो. या तीन दिवसांत माणूस थिएटरकडे कशाने वळतो? स्टारच्या नावाने, टीव्हीवर आणि मोबाइलवर ओतलेल्या जाहिरातींनी, किंवा आधी बघून आलेल्या कोणाच्या तरी सांगण्याने. यातल्या पहिल्या दोन गोष्टी पैशाने मिळतात, तिसरी मिळत नाही. मुंबईचा मोठा हिंदी चित्रपट किंवा तेलुगूतून डब होऊन आलेला भव्य चित्रपट पहिल्या दोहोंच्या बळावर तीन दिवस सहज काढतो. ज्या मराठी चित्रपटाला भर दुपारचा एकुलता एक खेळ मिळालाय, त्याच्यापाशी तिसरीच गोष्ट असते. शुक्रवारी दुपारी मूठभर लोकांनी तो पाहिला, त्यांतल्या काहींनी रात्री घरच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या, म्हणून रविवारी थोडी गर्दी झाली. असाच तो दुसऱ्या आठवड्यात पोचतो. 'तीन दिवस गप्प बसा' हा नियम उद्या खरंच आला, तर मोठ्या चित्रपटाचं तीन दिवसांचं उत्पन्न निर्धोक होईल आणि लहान चित्रपटाला जगायला मिळणारे तीन दिवस मुकाट्याने निघून जातील. जे मागणं दुबळ्यांच्या संरक्षणासाठी म्हणून पुढे केलं जातं, त्याचा फायदा बलदंडांनाच होणार आहे.

वेळ आणि पडदा मिळाला की प्रेक्षक आपोआप येतो, या भाबडेपणाचा अनुभव आपण घेतलेलाच आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवायला लावण्याचं ठरवलं. केवढा गदारोळ झाला! एका ट्वीटवरून विधिमंडळाच्या हक्कभंगापर्यंत प्रकरण गेलं, ट्वीट करणाऱ्या लेखिकेच्या घरावर मोर्चा निघाला, आणि शेवटी प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी १२ ते रात्री ९ इतकी ऐसपैस झाली. पडद्यावरचा हक्क मागणं योग्यच होतं आणि आजही योग्य आहे. पण सरकार फार तर खेळ मिळवून देऊ शकतं. खुर्चीत माणूस बसवायचं काम शेजारच्या खुर्चीतून उठून गेलेल्या माणसाच्या बोलण्यानेच होतं.

'सैराट'चं उदाहरण घ्या. २९ एप्रिल २०१६ ला तो लागला तेव्हा त्याच्यामागे मोठी कंपनी होती आणि अजय-अतुल यांची गाणी आधीच गावोगाव वाजत होती, हे खरं. पहिला आठवडा त्या गाण्यांनी भरला असेल. पण मराठी चित्रपटाने पहिल्यांदाच शंभर कोटींचा आकडा ओलांडला, तो पुन्हा बघायला गेलेल्यांमुळे आणि जाताना सोबत आणखी चौघांना नेणाऱ्यांमुळे. त्या उन्हाळ्यात या चित्रपटाबद्दल सगळं चांगलंच बोललं जात होतं का? दुसरा भाग रेंगाळतो, पोरं बिघडतील, शेवट इतका क्रूर कशाला, जातीचा विषय इतका उघड कशाला, असं काय काय ऐकू येत होतं. त्यातलं पुष्कळसं अन्यायाचं होतं आणि काही तर द्वेषाने भरलेलं होतं. तरीही त्या वादामुळे चित्रपट न पाहणं अवघड होऊन बसलं, कारण न पाहता वादात उतरायची सोय नव्हती. पुढे ३० जून २०२३ ला आलेल्या 'बाईपण भारी देवा'ने तर दुसऱ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा या विषयाला पहिल्या दिवशी कोणी झुंडीने येत नाही. भिशीतल्या, सोसायटीतल्या बायकांनी एकमेकींना सांगितलं, नऊवारी नेसून गटागटाने तिकिटं काढली आणि घरच्या पुरुषांनाही ओढून नेलं. चित्रपट भावुक आहे, सगळ्या गाठी फार लवकर सुटतात, अशी टीकाही याच काळात होत होती. तिने गर्दी हटली नाही. उलट 'एवढं काय आहे त्यात' हे बघायला आणखी लोक गेले.

दोन यशस्वी उदाहरणांवरून नियम काढू नये, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. म्हणून अभ्यासकांकडे वळू. जेहोशुआ एलियाशबर्ग आणि स्टीव्हन शुगन यांनी १९९७ मध्ये अमेरिकी चित्रपटांचा गल्ला आणि समीक्षकांची मतं शेजारी ठेवून पाहिली. परीक्षणांचा मेळ पहिल्या आठवड्यांच्या कमाईशी बसत नव्हता. तो नंतरच्या आणि एकूण कमाईशी बसत होता. याचा सरळ अर्थ असा, की समीक्षक चित्रपटाचं नशीब घडवण्यापेक्षा ते आधी ओळखतात. सुमन बसुरॉय, सुबिमल चॅटर्जी आणि एस. अब्राहम रविद यांचा २००३ चा अभ्यास मात्र तुमच्या बाजूचा वाटेल. त्यांना असं आढळलं की वाईट परीक्षणं जेवढी मारतात तेवढी चांगली परीक्षणं तारत नाहीत, निदान पहिल्या आठवड्यात. पण त्याच अभ्यासात पुढे हेही आहे, की प्रतिकूल मतांचा मारा सोसायला मोठे तारे आणि मोठं बजेट कामी येतं. तिसरा अभ्यास २००५ चा, डेव्हिड रायनस्टीन आणि ख्रिस्तोफर स्नायडर यांचा. टीव्हीवरच्या दोन नामांकित समीक्षकांच्या पसंतीचा परिणाम त्यांना सरसकट सगळ्या चित्रपटांवर फारसा दिसला नाही. थोड्या पडद्यांवर लागलेल्या चित्रपटांवर आणि गंभीर कथापटांवर मात्र तो ठळक दिसला. हे अभ्यास अमेरिकेतले आहेत, व्यावसायिक समीक्षकांबद्दलचे आहेत, यूट्यूबच्या आधीचे आहेत. ते जसेच्या तसे सांगली-सोलापूरला लावता येणार नाहीत. पण नंतरच्या दोन्हींचा कल एका दिशेला जातो: भांडवलवाल्या चित्रपटाला लोकांच्या मतांची फिकीर कमी असते, आणि थोड्या पडद्यांवरच्या चित्रपटाला चांगल्या मताची गरज सगळ्यात जास्त असते. मराठी चित्रपट बहुतेक वेळा या दुसऱ्या गटात बसतो.

आता तुमच्या तक्रारींकडे येतो, कारण त्या सगळ्या खोट्या नाहीत. पहिली तक्रार सुपारीची. पैसे घेऊन चित्रपट पाडणारे आहेत, पैसे दिले नाहीत तर वाईट बोलू अशी धमकी देणारे आहेत, न बघताच तारे वाटणारी खाती आहेत. असं होत असेल तर ते गैरच आहे. धमकी देऊन पैसे मागणं ही खंडणी आहे, आणि खंडणीसाठी कायदा आधीपासून आहे. परीक्षणाच्या नावाखाली थिएटरात मोबाइलवर चित्रपट टिपणाऱ्यासाठी २०२३ च्या दुरुस्तीने सिनेमॅटोग्राफ कायद्यात तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे. एकेका गुन्हेगाराचं नाव घेऊन तक्रार करण्याऐवजी सगळ्या प्रेक्षकांच्या तोंडाला कुलूप लावायला निघणं हा आळस झाला. शिवाय विकत घेतलेलं मत फक्त वाईटच असतं का? २००१ साली अमेरिकेत उघडकीला आलं, की सोनीच्या प्रसिद्धी विभागाने डेव्हिड मॅनिंग नावाचा एक समीक्षकच कल्पनेतून जन्माला घातला होता आणि आपल्याच चित्रपटांच्या पोस्टरांवर त्याची स्तुती छापली होती. कंपनीला पुढे दंड आणि भरपाई दोन्ही भरावी लागली. आज अशा माणसाची कल्पना करण्याचीही गरज उरलेली नाही. हजारो अनुयायी असलेला खराखुरा माणूस ठरलेल्या दरात 'मस्ट वॉच' म्हणतो. सुपारीचा राग खरा असेल तर तो दोन्ही हातांच्या सुपारीवर यायला हवा.

आणि इथे उपाय तयार आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये, इन्फ्लुएन्सरांना सांगून ठेवलं आहे की पैसे, भेट किंवा सवलत घेऊन शिफारस करत असाल तर ते स्पष्ट दिसेल असं लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. मत देण्यावर बंदी घालण्यापेक्षा मतामागचा पैसा उघड करणं केव्हाही चांगलं. ते कौतुक आणि निंदा या दोघांनाही एकाच मापाने लागू होतं.

दुसरी तक्रार अधिकाराची. ज्याला कॅमेऱ्याचा कोन कळत नाही, पटकथा म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याने दोन वर्षांच्या मेहनतीवर 'बकवास' असा एका शब्दात शिक्का का मारावा? खुपणारी गोष्ट आहे, मान्य. पण हा अधिकार प्रेक्षकाने बळकावलेला नाही. तो त्याला कायद्याने दिलेला आहे, आणि फार पूर्वी दिलेला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत अब्रुनुकसानीच्या ४९९ व्या कलमाला जे अपवाद होते, त्यांतला सहावा याच प्रसंगासाठी होता. जी कलाकृती कर्त्याने लोकांच्या निवाड्यासाठी पुढे ठेवली, तिच्या गुणदोषांविषयी सद्‌भावनेने मत देणं ही अब्रुनुकसानी नव्हे, असं तो सांगतो. खालच्या उदाहरणांत पुस्तक छापणारा आहे, रंगमंचावर उभा राहणारा नटही आहे. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही तो अपवाद कायम आहे. त्यातला एक भेद तर आजच्या समाजमाध्यमांसाठीच लिहिल्यासारखा वाटतो. पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे लेखक दुबळ्या बुद्धीचा असावा, हे म्हणणं चालतं, कारण ते पुस्तकावरून काढलेलं अनुमान आहे. लेखक मुळात दुबळा आणि बदफैली, म्हणून पुस्तकही तसंच निघालं, हे म्हणणं चालत नाही, कारण तिथे पुस्तकाच्या आडून माणसावर हल्ला आहे. चित्रपट भिकार म्हणा. नटीच्या घरात, अंगावर किंवा जातीवर घसरू नका. ही रेघ स्पष्ट आहे, आणि ती ओलांडणाऱ्याला कोर्टात खेचायची वाट मोकळी आहे. रेघेच्या अलीकडच्या माणसाने चित्रपटशास्त्राची परीक्षा दिली पाहिजे, अशी अट कायद्यात कुठेही नाही. तिकीट खिडकीवरही ती विचारली जात नाही.

तिसरी तक्रार निष्ठेची, आणि मला ती सगळ्यात घातक वाटते. मराठी चित्रपट अडचणीत आहे, म्हणून मराठी माणसाने निदान जाहीरपणे तरी गोड बोलावं, असं म्हटलं जातं. परिणाम काय होतो तो पाहा. सगळेच 'अप्रतिम', 'डोळे पाणावले', 'प्रत्येकाने पाहावा असा' म्हणू लागले, की ऐकणाऱ्याला कोणता चित्रपट खरंच पाहावा हे कळेनासं होतं. एक-दोनदा फसगत झाली, की तो मराठी कौतुक ऐकूनच सावध होतो, आणि पुढच्या वेळी खरोखर चांगला चित्रपट आला तरी घरी बसून ओटीटीवर येण्याची वाट बघतो. खोट्या कौतुकाची किंमत अशी नंतरच्या, बिचाऱ्या चांगल्या चित्रपटाला मोजावी लागते. आपल्या परंपरेतही हा गोडवा नव्हता. 'श्यामची आई'ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवून देणारे आचार्य अत्रे स्वतः पत्रकार म्हणून दुसऱ्यांवर किती बेदरकार लिहीत, हे नव्याने सांगायला नको. बाबुराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया'च्या झोडपण्याला तर अख्खी मुंबई इंडस्ट्री वचकून असे, आणि तरी सगळे ते वाचत. आणि प्रेक्षकाची निष्ठा खरी असते तेव्हा ती मागावी लागत नाही. २००४ मध्ये 'श्वास' ऑस्करला निघाला, तेव्हा प्रचारखर्चासाठी लोकांनी वर्गणी दिली. त्यांना आधी चित्रपटाने जिंकलं होतं. शिवाय राज्य सरकार मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून अनुदान देतं. ते पैसे करदात्याचे आहेत. तिकीट न काढलेल्या मराठी माणसालाही त्यामुळे थोडंफार बोलायचा हक्क पोचतो.

उरतो तो सगळ्यात अवघड आक्षेप. एखादा चांगला पण संथ चित्रपट पहिल्याच दिवशी घाईघाईच्या शेऱ्यांनी खरंच बुडाला तर? असं होऊ शकतं, आणि त्याची भरपाई कोणी करत नाही. 'शोले'बद्दल १५ ऑगस्ट १९७५ नंतरच्या दिवसांत इतकी थंड मतं आली होती, की शेवट बदलावा का याचा विचार निर्मात्यांनी केला. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला पाच वर्षं चालला. कारण त्याला थांबायला थिएटर होतं आणि तेवढ्या अवधीत लोकांचं बोलणं समीक्षकांच्या बोलण्याला मागे टाकू शकलं. आज तुमच्याकडे नाही तो हा अवधी. तेव्हा भांडायचं तर अवधीसाठी भांडा: किमान दोन आठवडे खेळांची हमी, धड वेळा, आणि सोमवारी सकाळी गुपचूप खेळ कापण्याला चाप. घाईच्या मताला उत्तर आणखी मतांनी मिळतं, आणि ती गोळा व्हायला दिवस लागतात. मतं थांबवून दिवस वाढत नाहीत.

म्हणून चार साध्या गोष्टी करा. पैसे देऊन करवून घेतलेल्या प्रत्येक स्तुतीवर तसं ठसठशीत लिहायला लावा. सुरुवात स्वतःच्या प्रसिद्धीपासून करा. प्रीमियरच्या निमंत्रितांच्या ओल्या डोळ्यांऐवजी आदल्या दिवशी नाशिक, कोल्हापूर, लातूर, अमरावती अशा ठिकाणी नेहमीच्या दराचे खेळ लावा आणि बाहेर पडणाऱ्यांना जे बोलायचं ते बोलू द्या, वाईट बोललेलंही कापू नका. धमकी किंवा खंडणी आली तर नाव घेऊन पोलिसांत जा, आणि ते जाहीर करा. प्रेक्षक तुमच्या बाजूने उभा राहील. आणि दक्षिणेतल्यासारखी बंदीची मागणी तुमच्या संघटनांच्या बैठकीत कधी निघाली, तर तिला पहिला विरोध मराठी निर्मात्याने करावा. ती मान्य झाली तर सगळ्यात आधी त्याचाच चित्रपट कोणाला कळायच्या आत पडद्यावरून उतरणार आहे.

आपला,
तिकीट काढून चित्रपट बघणारा आणि बाहेर आल्यावर बोलणारा एक मराठी प्रेक्षक